एका लॅपटॉपपायी

"मामा, मी काम करते तेव्हा नेट छान चालतं. मी जेवायला उठले की जातं. आणि आई म्हणते, तुझ्या लॅपटॉपमुळेच जातं. आता तूच सांग, जो लॅपटॉप बंद आहे तो नेट कसं पाडेल?"

नाशिकहून भाचीचा हा फोन आला तेव्हा घरात महिनाभर कुरबुर चालू होती. संध्याकाळी सातनंतर भाऊजींच्या बातम्या अडकायच्या. दुपारी दीड-पावणेदोनला ताईचा व्हिडिओ कॉल तुटायचा. भागातला नेटवाला मुलगा तीनदा येऊन गेला होता. एकदा त्याने फायबरची तार तपासली, एकदा राउटर बदलून दिला, तिसऱ्यांदा भिंतीतला जोड नव्याने केला. दर वेळी तो सकाळी अकराच्या सुमारास यायचा आणि दर वेळी नेट उत्तम चालू असायचं. तो गेला की दुपारी पुन्हा तेच. मग कोणीतरी राउटरचं बटण बंद करून चालू करायचं, दोन-तीन मिनिटांनी नेट यायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जायचं.

भाचीचा प्रश्न रास्त होता. बंद लॅपटॉप काही करू शकत नाही, हे कोणालाही पटेल. फक्त तिचा लॅपटॉप बंद नव्हता, तो झोपलेला होता. या प्रकरणाचा अर्धा भाग त्या फरकाचा आहे. उरलेला अर्धा भाग त्याहून महत्त्वाचा वाटतो मला. घरातलं नेट बिघडलं की आपला हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो, आणि बटण दाबलं की बिघाडाच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. बिघाड सापडतो तो बघत बसल्याने.

एका डब्यात चार कामं

ज्याला आपण घरात "वायफायचा डबा" म्हणतो, तो एकटा चार नोकऱ्या करतो. पहिली नोकरी पत्ते वाटण्याची. घरात नवा फोन किंवा लॅपटॉप जोडला गेला की तो "मला पत्ता द्या" अशी हाक मारतो आणि राउटर त्याला १९२.१६८.१.५ सारखा एक पत्ता देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. दुसरी नोकरी दारवानाची. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली तसा लेखी संकेत ठरला. तुमच्या घरात १९२.१६८.१.५ आहे तसाच तो शेजाऱ्यांकडेही असू शकतो. बाहेरच्या जगात या पत्त्यांना अर्थ नाही, म्हणून आत-बाहेर जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता राउटर बदलतो आणि कोणतं उत्तर कोणाला द्यायचं याची वही ठेवतो. तिसरी नोकरी मागच्या बाजूच्या पिवळ्या किंवा काळ्या पोर्टांची: तारेने जोडलेल्या यंत्रांमध्ये पाकिटांची देवाणघेवाण करणारा छोटा स्विच. चौथी नोकरी रेडिओची, म्हणजेच वायफायची.

चारही कामं एकाच डब्यात, बऱ्याचदा एकाच छोट्या प्रोसेसरवर आणि मोजक्या मेमरीवर चालतात. त्यामुळे एका कामाची कोंडी झाली की बाकीची तीनही अडू शकतात, आणि बाहेरून एवढंच दिसतं की "नेट गेलं".

दुसरी गोष्ट अशी की ही सगळी व्यवस्था विश्वासावर उभी आहे. घरातल्या जाळ्यात एखाद्या यंत्राला राउटरकडे पाकीट पाठवायचं असेल, तर ते सगळ्यांना उद्देशून विचारतं, "१९२.१६८.१.१ कोण आहे?" ज्याचा तो पत्ता असेल तो "मी, आणि माझा यंत्रक्रमांक हा" असं उत्तर देतो. ही पद्धत डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केली आणि आजही ती तशीच वापरात आहे. तिचं नाव एआरपी. उत्तर देणारा खरं बोलतोय का, हे तपासण्याची सोय तिच्यात नाही. जो "मी" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा. पत्ते वाटणाऱ्याचंही तेच: जो आधी पत्ता देऊ करेल, त्याचा बहुधा घेतला जातो. आणि "थांबा" म्हणणाऱ्याचंही तेच: कोणी थांबा म्हटलं की थांबायचं.

जिथे सगळे एकमेकांवर विसंबून आहेत, तिथे एकाची चूक सगळ्यांना भोवते. लॅपटॉप राउटरला बिघडवतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा राउटर बिघडलेला नसतोच. तो ऐकलेलं इमानेइतबारे पाळत असतो.

कालनिर्णयवरच्या फुल्या

फोनवर मी भाचीला एकच काम सांगितलं. नेट गेलं की राउटरला हात लावायचा नाही, फक्त वेळ लिहायची. ताईने ते आपल्या अंगावर घेतलं. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर ती दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनांत तिने लाल पेनाने फुल्या मारायला सुरुवात केली आणि शेजारी वेळ लिहिली.

दहा दिवसांनी मी नाशिकला गेलो तेव्हा त्या पानानेच निम्मं उत्तर दिलं. सोमवार ते शुक्रवार रोज दोन फुल्या होत्या: एक दुपारी १.३५ ते १.५० च्या दरम्यान, दुसरी संध्याकाळी सातनंतर. शनिवार-रविवारचे चौकोन कोरे. नेट पुरवणाऱ्याच्या तारेत दोष असता तर त्याला शनिवार-रविवार कळला नसता. पावसापाण्याचा, विजेचा, शेजारच्या वायफायचा दोष असता तर तो ऑफिसच्या वेळा पाळत बसला नसता. हा बिघाड माणसाच्या दिनक्रमाला बांधलेला होता.

मी भाचीला तिचा दिवस विचारला. दहाला काम सुरू. सव्वाला जेवायला उठते, लॅपटॉप तसाच उघडा ठेवते, वीसेक मिनिटांनी तो आपोआप झोपतो. दोनला परत बसते. सातला झाकण मिटते. शुक्रवारी रात्री मात्र भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करते, कारण दोन दिवस लागत नाही. म्हणजे नेट जात होतं ते लॅपटॉप झोपेत असताना आणि बोर्डावर वीज चालू असताना. ती परत येऊन झाकण उघडायची, लॅपटॉप जागा व्हायचा आणि नेट सुरळीत. घरातले तक्रार करत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर बिघाड कधी आलाच नव्हता, याचं कारण एवढंच होतं.

"महिन्यापूर्वी काही नवीन आणलंस?" मी विचारलं.

"ऑफिसने डॉक पाठवला ना. एकच वायर लावली की मॉनिटर, कीबोर्ड, चार्जिंग, नेट सगळं."

डॉक म्हणजे लॅपटॉपला एका तारेने जोडायची पट्टी. तिच्यात नेटच्या तारेचं पोर्टही असतं. व्हिडिओ कॉल स्थिर राहावेत म्हणून भाचीने वायफायऐवजी राउटरपासून डॉकपर्यंत केबल ओढली होती. निर्णय चांगलाच होता. पण त्या केबलमुळे डॉकमधली नेटवर्कची चिप थेट राउटरच्या स्विचला जोडली गेली होती.

सात वाजून दहा मिनिटं

बुधवारी संध्याकाळी आम्ही मुद्दाम वाट बघत बसलो. सातला भाचीने झाकण मिटलं. माझ्या फोनवर राउटरचं स्वतःचं पान उघडलेलं होतं, १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला की उघडतं ते. भाऊजींच्या बातम्या चालू होत्या.

सात-दहाला बातम्या गोठल्या. मी फोनवर राउटरचं पान ताजं करायला गेलो, तर तेही उघडेना. ही खूण मोलाची आहे. राउटरचं पान पाहायला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. फोन आणि डबा एवढंच अंतर असतं. ते पान उघडत असेल आणि बाकी काही चालत नसेल, तर दोष बाहेरच्या तारेत असण्याची शक्यता जास्त. पानच उघडत नसेल तर दोष घरात आहे आणि नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही.

राउटरवर सगळे दिवे हिरवे होते, फायबरचा लाल दिवा विझलेला होता. म्हणजे बाहेरची तार ठीक. मागे लॅन २ या पोर्टचा छोटा दिवा मात्र घाईघाईने, न थांबता लुकलुकत होता. त्या पोर्टच्या दुसऱ्या टोकाला झोपलेला लॅपटॉप होता. झोपलेल्या यंत्राच्या तारेवर एवढी लगबग कसली?

मी ती केबल उपसली. दोन-तीन सेकंदांत बातम्या सुरू झाल्या. केबल परत लावली. मिनिटाच्या आत पुन्हा गोठल्या. भाचीने लॅपटॉप उठवला, बातम्या लगेच सुरू. झोपवला, थोड्या वेळाने बंद. हे आम्ही तीनदा केलं. एकदा जुळणं हा योगायोग असू शकतो. तीनदा, आणि तेही दोन्ही दिशांनी जुळलं, की तो पुरावा होतो.

मी सोबत एक लहान मॅनेज्ड स्विच नेला होता, म्हणजे आतले आकडे दाखवणारा स्विच. तो राउटर आणि डॉक यांच्यामध्ये लावला आणि त्याचं आकडेवारीचं पान उघडलं. लॅपटॉप झोपल्यावर सगळे आकडे जवळजवळ थिजले. एकच आकडा धावत होता, "आलेल्या पॉज फ्रेम" हा. पान ताजं करावं तेव्हा तो वाढलेला दिसायचा. हा आकडा एरवी हाती लागणं अवघड असतं. वायरशार्कसारखी पाकिटं दाखवणारी साधनं बहुतेक वेळा त्या दाखवतच नाहीत, कारण संगणकाचं नेटवर्क कार्ड पॉज फ्रेम स्वतःच गिळून टाकतं, वर पोहोचू देत नाही.

पंगतीतला आडवा धरलेला हात

पॉज फ्रेम म्हणजे काय, हे पंगतीवरून चांगलं समजतं. वाढपी भाताचं पातेलं घेऊन येतो. पानात भात असेल तर जेवणारा पानावर हात आडवा धरतो, "थोडं थांबा". वाढपी थांबतो. जेवणारा खातो, हात काढतो, वाढप पुढे चालू. १९९७ साली इथरनेटच्या मानकात ८०२.३एक्स या नावाने नेमकी ही सोय आली. घेणाऱ्याची साठवणूक भरत आली, तर त्याने पाठवणाऱ्याला "इतका वेळ थांब" असा छोटा निरोप पाठवायचा, म्हणजे पाकिटं सांडणार नाहीत. हेतू उत्तम होता.

आता डॉकमधल्या चिपकडे बघा. तिच्यात येणाऱ्या पाकिटांसाठी एक लहान साठा असतो. लॅपटॉप जागा असताना तो साठा सतत उपसत असतो. लॅपटॉप झोपला की उपसणं थांबतं, पण डॉकला वीज चालू असल्याने चिप जागीच असते. घरातल्या जाळ्यावर सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाका, "अमुक पत्ता कोण आहे?" छापाच्या, तिच्याकडे येतच राहतात. थोड्या वेळात साठा भरतो. चांगली चिप अशा वेळी जास्तीची पाकिटं टाकून देते. या चिपच्या आतला प्रोग्राम तसं करत नव्हता. ती राउटरला सांगत होती: थांब. थांब. थांब. साठा कोणी उपसतच नसल्याने तो निरोप कधी संपत नव्हता. झोपलेल्या माणसाने पानावर आडवा धरलेला हात, रात्रभर.

मग बाकीची पंगत का उपाशी? कारण वाढपी एकच आहे आणि पातेलंही एकच. राउटरमधल्या स्विचची मेमरी सगळ्या पोर्टांना मिळून असते. थांबलेल्या पोर्टासाठीची पाकिटं त्या मेमरीत साचत जातात. सगळ्यांना उद्देशून असलेली प्रत्येक हाक त्या पोर्टाच्या रांगेतही एक प्रत ठेवून जाते. मेमरी भरली की टीव्हीसाठी, फोनसाठी, अगदी राउटरच्या स्वतःच्या पानासाठी आलेल्या पाकिटालाही जागा उरत नाही. लॅपटॉप झोपल्यापासून नेट जाईपर्यंत लागणारा वेळ हा आधी चिपचा आणि मग स्विचचा साठा भरायला लागणारा वेळ होता.

एका पॉज फ्रेममध्ये थांबण्याचा वेळ एककांत सांगतात. एक एकक म्हणजे ५१२ बिट पाठवायला लागणारा वेळ, आणि जास्तीत जास्त ६५,५३५ एककं मागता येतात. सेकंदाला एक गिगाबिट धावणाऱ्या तारेवर याचा गुणाकार होतो साधारण साडेतेहेतीस मिलिसेकंद. म्हणजे रस्ता कायम अडवून ठेवायला सेकंदाला फक्त ३० फ्रेम पुरतात. एक फ्रेम ६४ बाइटची. तीस फ्रेमचे झाले १,९२० बाइट. सेकंदाला दोन किलोबाइटही नाहीत, एखाद्या छोट्या फोटोच्या तुलनेत काहीच नाही, आणि तेवढ्याने घरातली शंभर-दोनशे मेगाबिटची जोडणी ठप्प होते. म्हणून "लॅपटॉप फार नेट खात असेल" हा भाऊजींचा तर्क मुळातच वेगळ्या वाटेवर होता. लॅपटॉप नेट खात नव्हता. तो "थांबा" म्हणत होता आणि सगळे ऐकत होते.

उपाय तीन होते आणि आम्ही ते क्रमाने केले. त्या रात्रीपुरता: काम संपलं की बोर्डाचं बटण बंद. दुसरा: मधल्या स्विचवर त्या पोर्टासाठी "फ्लो कंट्रोल" बंद केलं, म्हणजे तिथून आलेलं "थांबा" ऐकायचंच नाही. टीव्ही, फोन सगळं निर्धोक झालं. तिसरा आणि खरा उपाय डॉकच्या फर्मवेअरचा, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर तो आपल्याला टाकता येत नाही, म्हणून भाचीने आयटी विभागाकडे तिकीट टाकलं. तिकिटात तिने "नेट जातं" असं न लिहिता "लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की डॉक सतत पॉज फ्रेम पाठवतो" असं लिहिलं आणि आकड्यांच्या पानाचा फोटो जोडला. आठवड्याच्या आत नवं फर्मवेअर आलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रगत सेटिंगमधूनही फ्लो कंट्रोल बंद करता येतं, पण लॅपटॉप झोपलेला असताना ती सेटिंग पाळली जाईलच याची खात्री नसते.

लॅपटॉपची बाकीची दुखणी

प्रत्येक घरातलं कारण डॉक नसतं. पण प्रत्येक कारणाची एक वेगळी वेळ आणि वेगळी खूण असते, आणि ती ओळखता आली तर शोध सोपा होतो.

लॅपटॉप घरात येऊन जोडला गेला की सगळ्यांचं नेट जातं, आणि तो बाहेर गेला की येतं, असं असेल तर पत्त्याचा संशय घ्या. एखादं यंत्र बसवताना लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१ हा पत्ता दिला जातो आणि काम झाल्यावर तो काढायचा राहून जातो. घरी तोच पत्ता राउटरचा असतो. आता "१९२.१६८.१.१ कोण?" या हाकेला दोघं "मी" म्हणतात आणि घरातली यंत्रं आपली पाकिटं कधी राउटरला तर कधी लॅपटॉपला देतात. दुसऱ्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीची यादी पाहिली की राउटरच्या पत्त्यासमोर बारा अक्षर-अंकांचा यंत्रक्रमांक दिसतो. नेट चांगलं असताना तो लिहून ठेवा, नेट गेल्यावर पुन्हा पाहा. बदलला असेल तर चोर सापडला. लॅपटॉपची सेटिंग "पत्ता आपोआप घ्या" अशी केली की काम झालं.

जुनी यंत्रं चालतात, पण नव्याने जोडलेल्या फोनला नेट मिळत नाही, असं असेल तर घरात पत्ते वाटणारे दोन झालेत. विंडोजमध्ये आपलं नेट दुसऱ्याला वाटण्याची सोय आहे. ती तारेच्या पोर्टावर चालू राहिली आणि ती तार राउटरला लागली, तर लॅपटॉपही पत्ते वाटू लागतो. हे पत्ते १९२.१६८.१३७ ने सुरू होतात. फोनच्या वायफायच्या तपशिलात असा पत्ता दिसला तर समजा की तो राउटरने दिलेला नाही.

लॅपटॉपवर तार आणि वायफाय दोन्ही चालू आहेत आणि कधीतरी त्यांना विंडोजच्या "नेटवर्क ब्रिज"ने जोडलंय, असं असेल तर वर्तुळ तयार होऊ शकतं. सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक तारेने जाते, वायफायने परत येते, पुन्हा तारेने जाते. इथरनेटच्या पाकिटाला वय नसतं, ते फिरून फिरून संपत नाही. काही क्षणांत वादळ होतं. मोठ्या जाळ्यांमध्ये असं वर्तुळ आपोआप तोडण्याची पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली. घरगुती राउटरमध्ये मात्र ती चालू असेलच असं नाही. ब्रिज काढून टाकला की वादळ शमतं.

लॅपटॉप कामात असताना, विशेषतः फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवत असताना सगळ्यांचे कॉल अडखळतात, पण नेट पूर्ण जात नाही, हे दुखणं सर्वांत जास्त घरांत असावं. बाहेर जाणारी वाट अरुंद असते आणि तिच्या तोंडाशी राउटरने भलीमोठी रांग लावू दिलेली असते. एक मेगाबाइटची रांग सेकंदाला एक मेगाबिटच्या वाटेने बाहेर पडायला आठ सेकंद घेते. तेवढा वेळ तुमच्या कॉलमधला प्रत्येक शब्द रांगेच्या शेवटी उभा असतो. जिम गेटिस यांना हे २०१० साली घरच्याच जोडणीवर लक्षात आलं आणि त्यांनी त्याला "बफरब्लोट" हे नाव मिळवून दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग किती लांब आहे याऐवजी पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे हे पाहणारी "कोडेल" ही पद्धत मांडली. राउटरमध्ये "एसक्यूएम" किंवा "स्मार्ट क्यू" असा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर लॅपटॉपवरच्या क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये अपलोडचा वेग मर्यादित करा. वेगवान प्लॅन घेण्याआधी हे करून पाहण्यासारखं आहे.

फक्त वायफाय मंदावतं आणि तारेवरची यंत्रं नीट चालतात, तर दोष हवेत आहे. नळावर प्रत्येकाने एकेक हंडा भरायचा, असा नियम आहे समजा. एकाच्या हंड्याचं तोंड इतकं बारीक की भरायला दहापट वेळ लागतो. पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पण वेळ त्याचाच जातो. जुना किंवा दूरच्या खोलीतला लॅपटॉप वायफायला असंच करतो. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे गणिताने दाखवून दिलं: एकाचा वेग घसरला की जलद यंत्रंही त्याच्या पातळीला येतात. त्या लॅपटॉपला तार लावा किंवा जवळ आणा. आणि लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावल्यावरच वायफाय बिघडत असेल, तर इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेलं निरीक्षण आठवा: यूएसबी ३.० च्या तारा आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. डिस्क राउटरपासून लांब न्या, चांगल्या आवरणाची केबल वापरा किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

झोपेतून उठताना बिघाड होतो, असंही घडतं. जानेवारी २०१८ मध्ये अनेक देशांत घरचे राउटर अचानक कोसळू लागले. टीपी-लिंक कंपनीने कारण शोधलं: अँड्रॉइड फोन आणि क्रोमकास्टमधली "कास्ट" सुविधा आसपासची यंत्रं शोधायला दर २० सेकंदांच्या आसपास एक हाक मारते. यंत्र झोपेतून उठलं की झोपेत राहून गेलेल्या सगळ्या हाका ते एकदम मारायचं, कधी कधी एक लाखाहून जास्त. गूगलने लगेच दुरुस्ती पाठवली. तीच खूण पुन्हा: झोप, जाग आणि कोसळणं.

स्वतः शोधताना

या सगळ्यातून एक क्रम हाती लागतो.

१. नेट गेलं की आधी वेळ लिहा, राउटर नंतर. दहा नोंदी झाल्याशिवाय मत बनवू नका.

२. राउटरचं पान उघडतं का ते पाहा. उघडत असेल तर बाहेर शोधा, नसेल तर घरात.

३. तारेवरची आणि वायफायवरची यंत्रं दोन्ही अडलीत की एकच, ते पाहा.

४. लॅपटॉप त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे ते लिहा: नुकताच जोडला, काम करतोय, झोपलाय की जागा होतोय.

५. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल काढली तर राउटर बंद करू नका. राउटर बंद केला तर केबल काढू नका. दोन गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

६. बिघाड मुद्दाम घडवून आणता आला पाहिजे आणि मुद्दाम थांबवता आला पाहिजे. दोन्ही तीनदा जमलं तर कारण सापडलं असं समजा.

राउटर बंद-चालू करणं हे औषध म्हणून चुकीचं नाही. पण ते शेवटी घ्यायचं औषध आहे. त्याने राउटरची सगळी वही कोरी होते, कोंडलेली मेमरी मोकळी होते आणि पंधरा-वीस मिनिटं सगळं छान चालतं. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या समाधानापायी नाशिकच्या त्या घराने महिना घालवला, एक चांगला राउटर परत केला आणि एका मुलाला उन्हातून तीन फेऱ्या मारायला लावल्या.

त्या मुलाला ताईने फोन करून बोलावलं, तक्रारीसाठी नव्हे. तिने चहा दिला आणि कालनिर्णयचं पान दाखवलं. मी स्विचचं आकड्यांचं पान उघडून दिलं. त्याने बराच वेळ तो वाढणारा आकडा पाहिला आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढला. "काकू, माझ्याकडे अशा अजून दोन तक्रारी आहेत," तो म्हणाला. "दोन्हीकडे वर्क फ्रॉम होम आहे. मी दोन्हीकडे राउटर बदलून दिलाय." आणि निघताना जिन्यातूनच त्याने त्यांपैकी एका घरी फोन लावला. त्याचा प्रश्न आम्हाला वरपर्यंत ऐकू आला: "दादा, नेट जातं तेव्हा तुमचा ऑफिसचा लॅपटॉप चालू असतो का झोपलेला असतो?"